गाडी फायनान्सची, तक्रार आपली

पोळ्याच्या करीला माझ्या माहेरच्या बाजूने फोन आला, की आमच्या निपाणीच्या घरात सगळे एकच विचारतात, "गोटमारीत कुणाला लागलं तर नाही ना?" पांढुर्णा म्हटलं की जाम नदी, नदीत रोवलेलं पळसाचं झाड आणि या काठावरून त्या काठावरच्या सावरगावकडे भिरभिरणारे दगड, एवढंच सासरच्या मंडळींना ठाऊक. माझं माहेर सौसरचं, मामाचं घर पांढुर्ण्याचं. तिकडे संत्र्याच्या बागा आहेत, कापूस आहे, जामसावळीचा मारुती आहे, हे मी वीस वर्षं सांगते आहे. लक्षात राहतात ते दगडच.

२०२३ च्या पोळ्याला मामेभावाचा फोन आला, तो मात्र दगडांचा नव्हता.

"ताई, गाडी उचलून नेली ना माही."

"कुणी? चोरांनी?"

"चोर असते त पोलिसात गेलो असतो. फायनान्सवाल्यानं नेली."

सौसरला भाजीपाला भरायला गेला होता. चहाला थांबला, तेवढ्यात चौघे आले, कागद दाखवला, किल्ली घेतली आणि टेम्पो घेऊन गेले. तीन हप्ते थकले होते. का थकले होते, हे सांगताना मात्र त्याचा आवाज चढला. "गाडी चालतच नाही त हप्ता काहून भरू? माह्या गाडीत खराबी, अन् मलेच चोर ठरवलं!"

सासूबाई शेजारीच होत्या. त्या मूळच्या गोकाकच्या, रागावल्या की कन्नडवर येतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "अय्य, गाडी नमदु, कागद अवरदु!" वर्गात तासभर शिकवूनही मला जे इतकं नेमकं सांगता आलं नसतं, ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं.

वाचकहो, हा नुसता माझ्या माहेरचा प्रश्न असता तर या सदरात आणला नसता. आपल्याकडे कोल्हापूरच्या शोरूममधून गाडी घ्यायची आणि चिकोडीच्या रस्त्याला चालवायची, ही रोजची गोष्ट. तिकडे नागपूरहून घ्यायची आणि पांढुर्ण्याला चालवायची. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या रेघा ओढल्या गेल्या. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलं, आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात जात असताना सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. बाजारपेठेने मात्र ती रेघ कधी मानली नाही. विकणारा एका राज्यात, घेणारा दुसऱ्या राज्यात, पैसे देणारी कंपनी तिसऱ्याच शहरात. गाडी बिघडली की कुणाच्या दाराशी जायचं?

भावाची हकिगत थोडक्यात अशी. २०२२ च्या दिवाळीआधी त्याने नागपूरच्या एका विक्रेत्याकडून नवा लहान टेम्पो घेतला. किंमत ६ लाख ४० हजार. पैकी १ लाख १० हजार रोख दिले, त्यात वहिनीची पाटली गेली. बाकीचे कर्ज, ४८ हप्ते, दर महिना १४,२०० रुपये. पहिल्याच महिन्यात भार घेतला की इंजिन तापू लागलं. मुलताईकडचा चढ आला की गाडी धापा टाकायची, मध्येच गिअर सुटायचा. वर्कशॉपमध्ये सहा वेळा नेली. पहिल्यांदा म्हणाले, नवी गाडी आहे, बसेल हळूहळू. मग म्हणाले, तू माल जास्त भरतोस. मग कूलंट बदललं, मग क्लचप्लेट. सहा खेपांपैकी तीनच वेळा जॉबकार्ड दिलं. बाकीच्या वेळी "अरे, घरचाच माणूस तू, कागद कशाला?" घरचा माणूस म्हटल्यावर आपण विरघळतो, आणि नेमका तिथेच आपला पुरावा हरवतो.

अखेर एप्रिलनंतर तो चिडला आणि हप्ते बंद केले. त्याचा हिशेब साधा होता. वस्तू खराब दिली, तर पैसे का द्यायचे? न्यायाच्या दृष्टीने त्याचं काही चुकलं, असं मला आजही वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याच्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली ती हीच.

मी अर्थशास्त्र शिकवते, कायदा नाही. स्कूटर घेताना अठरा ठिकाणी न वाचता सह्या करणाऱ्यांतलीच मी. पण त्या फोननंतर आमच्या एका वकील स्नेह्यांकडे बसले, पुस्तकं चाळली, आणि बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या.

आपण सगळ्यालाच "फायनान्सवर घेतली" म्हणतो. त्यात तीन वेगळे प्रकार आहेत. एक भाडेखरेदी: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालक कंपनी, आपण भाडेकरू. दुसरा तारणाचा: मालक आपण, गाडी कंपनीकडे गहाण. आज बहुतेक लोकांचा करार याच प्रकारचा असतो. तिसरा लीजचा: गाडी कायम त्यांची, आपण ठरलेल्या मुदतीपुरती वापरायची. आपला प्रकार कोणता, हे करारात असतंच, पण आरसी बुकावरही नोंदलेलं असतं, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती नोंद करावी लागते. गंमत अशी की हाच कायदा तिन्ही प्रकारांत, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याला "मालक" म्हणतो. म्हणजे अपघात झाला तर मालक आपण, आणि हप्ता चुकला तर मालक ते! भाडेखरेदीसाठी १९७२ साली संसदेने वेगळा कायदाही केला होता. तो कधी अमलातच आला नाही, आणि २००५ मध्ये रद्द झाला.

आता मुख्य मुद्दा. कागदावर मालक कोणीही असो, गाडी सदोष निघाली तर तक्रारीचा हक्क आपला असतो. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा असो की २० जुलै २०२० पासून लागू झालेला २०१९ चा, दोन्हींत ग्राहकाची व्याख्या रोख पैसे मोजणाऱ्यापुरती नाही. किंमत थोडी दिलेली असो, द्यायचं कबूल केलेलं असो, हप्त्याहप्त्याने फेडायची असो, तो ग्राहकच. त्यामुळे "गाडी तुझ्या नावावर कुठं आहे?" असं काउंटरवरच्या मुलाने म्हटलं, तरी मान खाली घालून परत यायचं कारण नाही.

दुसरा धाक असतो तो धंद्याचा. "तू तर गाडी भाड्याने मारतोस, तू व्यापारी, ग्राहक कसला?" भावालाही हेच ऐकवलं होतं. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिलं आहे, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात. त्यात यंत्र घेणारा कारखानदार हरला, पण न्यायालयाने समजावताना जी उदाहरणं दिली ती गोरगरिबांच्या कामी आली. पोटासाठी स्वतः रिक्षा चालवणारा ग्राहक आहे. ट्रक घेऊन स्वतः चालवणाराही ग्राहक आहे. मदतीला एखाद-दुसरा माणूस ठेवला म्हणून तो व्यापारी होत नाही. चार गाड्या घेऊन त्यांवर चालक ठेवले तर गोष्ट वेगळी. भावाची गाडी एक, चालक तो स्वतः, आणि क्लीनर म्हणाल तर शाळा नसेल तेव्हा त्याचा मुलगा. (हे शेवटचं मला मुळीच पसंत नाही, आणि त्याला तसं सांगून झालं आहे.)

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या सीमेवरच्यांसाठी सोन्यासारखी आहे. जुन्या कायद्यात विक्रेत्याचं दुकान किंवा शाखा जिथे असेल, अथवा व्यवहार जिथे घडला असेल, तिथल्या ग्राहक मंचात जावं लागे. म्हणजे पांढुर्णेकराने नागपूर गाठायचं, निपाणीकराने कोल्हापूर. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार घेता येते. मंच जाऊन आयोग हे नाव आलं तेही तेव्हापासूनच. करारात बारीक अक्षरात "वाद झाल्यास फक्त अमुक शहरातील न्यायालय" असं छापलेलं असतं. ते वाचून पुष्कळजण घरीच बसतात. बसू नये. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच बघतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. सव्वासहा-साडेसहा लाखांच्या गाडीची तक्रार दोनशे रुपयांत! आमच्या भावाने तेवढे पैसे वर्कशॉपवाल्यांना चहा पाजण्यात घालवले होते. मुदत मात्र दोन वर्षांची, ती विसरू नये.

मग एवढे हक्क असताना चूक कुठे झाली? हप्त्यात. गाडी विकणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. दोन करार, दोन हिशेब. सर्वसाधारणपणे दोषाची जबाबदारी विकणाऱ्याची आणि बनवणाऱ्याची. पैसे देणारी कंपनी म्हणते, आम्ही पैसे दिले, आमचे पैसे द्या. आणि कायदा सहसा तिचं ऐकतो. मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेशकुमार तिवारी या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडेखरेदीत हप्ते पूर्ण होईपर्यंत मालकी कंपनीची, आणि थकल्यास ती गाडी ताब्यात घेऊ शकते. नोटीस न दिल्याबद्दल त्या कंपनीला १५,००० रुपये भरावे लागले, एवढंच. गुंड पाठवून गाड्या ओढून नेण्याला न्यायालयाने २००७ मध्ये, आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात, सज्जड शब्दांत विरोध केला होता, तोही ध्यानात ठेवावा. पण नोटीस दिली, दंडेली केली नाही, तर आपल्या हाती फारसं उरत नाही.

आणि गाडी गेली की तिच्याबरोबर पुरावाही जातो. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मूळचा दोष आहे की चालवणाऱ्याची चूक, हे ठरवायला आयोग योग्य त्या प्रयोगशाळेकडून किंवा जाणकाराकडून तपासणी करवू शकतो. तपासायला गाडीच नाही, तर तपासणार काय? भावाचा टेम्पो दोन महिन्यांत लिलावात ३ लाख १५ हजारांना गेला आणि उरलेल्या पावणेदोन लाखांची मागणी करणारं पत्र घरी आलं. वहिनीने ते पत्र देवघरात ठेवलं होतं. का, तर म्हणाली, दुसरीकडे कुठं ठेवलं तर डोळ्यांसमोर येतं.

नवी गाडी बदलूनच मिळेल, अशी आशाही फार धरू नये. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत भाग बदलून देण्याचं वचन असेल तर भाग बदलावा, अख्खी गाडी नव्हे. उलट २०२२ मध्ये, ह्युंदाईच्या गाडीच्या एअरबॅग अपघातात उघडल्याच नाहीत त्या खटल्यात, त्याच न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. दोष किती खोल आहे आणि तो आपण किती कागदांनिशी दाखवू शकतो, यावर सगळं येऊन ठेपतं. म्हणून जॉबकार्ड. दर खेपेला, दर तक्रारीचं, किलोमीटरच्या आकड्यासह. दिलं नाही, तर त्याच संध्याकाळी विक्रेत्याला आणि उत्पादक कंपनीला लेखी कळवायचं, स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने. हप्ता जड जात असेल तर तोंडी भांडण्यापेक्षा फायनान्स कंपनीलाही लिहावं: गाडी अमुक तारखेपासून वर्कशॉपमध्ये उभी आहे, मुदत वाढवून द्या. आणि तक्रार दाखल करतानाच आयोगाकडे अंतरिम आदेश मागावा, की निकाल लागेपर्यंत गाडी जप्त होऊ नये. तो मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच मिळत नाही.

आता लीजबद्दल थोडं. ज्यांना कर्ज मिळत नाही ते दुसऱ्याची गाडी महिन्याच्या बोलीने घेऊन चालवतात. तिकडेही आणि आपल्याकडेही. शहरांत नोकरदार मंडळी मोटारी लीजवर घेऊ लागली आहेत. इथे मात्र कायदा आपल्या बाजूने जास्त उभा आहे, आणि तोही दीडशे वर्षं जुना. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १५० वं कलम काढून पाहा. वस्तू फुकट वापरायला दिली, तर माहीत असलेला दोष सांगणं एवढीच देणाऱ्याची जबाबदारी. पण भाडं घेऊन दिली, तर दोष त्याला माहीत असो वा नसो, त्यातून होणाऱ्या नुकसानीला तोच जबाबदार. कायद्यात उदाहरणं दिली आहेत ती घोड्याची आणि घोडागाडीची. मारकुटा घोडा आहे हे ठाऊक असूनही न सांगता उसना दिला, आणि स्वार पडला, तर देणारा जबाबदार. घोडागाडी भाड्याने दिली, ती धोक्याची होती हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, तरी घेणाऱ्याला इजा झाली तर तो जबाबदारच. घोडागाडीच्या जागी टेम्पो घाला, कलम तेच आहे. शिवाय भाड्याने देणं ही सेवा असल्याने, स्वतःसाठी किंवा पोटासाठी घेणारा तिथेही ग्राहकच. लीजच्या छापील करारात "गाडी आहे त्या स्थितीत स्वीकारली" अशी ओळ असते, तिच्याखाली सही करण्याआधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला शंभर-दोनशे रुपये देऊन गाडी दाखवावी. सौसरच्या माझ्या चुलतबहिणीच्या नवऱ्याने मागच्या वर्षी तसं केलं, आणि घेऊ पाहत होता त्या गाडीचे मागचे ब्रेक नावालाच असल्याचं निघालं.

भावाच्या तक्रारीचं काय झालं, हे विचारायचं राहिलं असेल तुमचं. २०२३ च्या डिसेंबरात त्याने जिल्हा आयोगात तक्रार केली. तीन जॉबकार्डं, मोबाइलवरचे काही संदेश, आणि रस्त्यात बंद पडलेल्या टेम्पोचे फोटो, इतकीच शिदोरी. विक्रेत्याच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न केला, गाडी कुठे आहे? पुढे प्रकरण मध्यस्थीकडे गेलं. नव्या कायद्याने दोन्ही पक्षांची तयारी असेल तर ती सोय दिली आहे. तीन बैठका झाल्या. फायनान्स कंपनीने पावणेदोन लाखांची मागणी सोडली, विक्रेत्याने ६० हजार दिले. रोख भरलेले बाकीचे पैसे, सहा हप्ते आणि वर्षभराची हातातली कमाई गेली ती गेलीच. मला तडजोड कमी वाटली, मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "ताई, तू पगारावर हायेस. मले उद्या सकाळी भाडं पाहिजे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, त्यांच्यासारख्यांच्या चळवळीतून पुढे कायदा आला, आयोग आले. पण उद्या सकाळी भाडं लागणाऱ्या माणसासाठी तारखांची वाट पाहणं परवडणारं नसतं. कायद्यात निकालाची मुदत तीन महिन्यांची, तपासणी लागली तर पाच महिन्यांची लिहिलेली आहे. लिहिलेली आहे, एवढंच मी म्हणेन.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी स्वतः तक्रार मांडावी, चालते. आता ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. १ जानेवारी २०२५ पासून ती सोय आहे. आधी नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोला, नाहीतर कन्नडमध्ये बोला, दोन्ही चालतं. सासूबाईंनी एकदा मिक्सरसाठी कन्नडमध्ये बोलून पाहिलं. मिक्सर दुरुस्त होऊन आला, आणि तेव्हापासून घरात कायद्याची जाणकार मी नाही, त्या आहेत.

भाषेवरून आठवलं. कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाशी त्याच्या किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करावा आणि कराराची प्रत सगळ्या जोडपत्रांसह द्यावी, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. आपण मागत नाही, ते देत नाहीत.

यंदा भावाने जुना टेम्पो घ्यायचं ठरवलं. आधी मेकॅनिक नेला, मग चढावर भार घालून चालवून पाहिला, मग फायनान्सच्या कचेरीत गेला. रात्री फोन आला. "ताई, म्या कराराची कापी मराठीत मागतली. तो म्हने, मराठीत नाही, हिंदीत चालन का?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हनलं चालन. पन वाचून झाल्यावरच सही करीन. तो म्हने, केवढी पानं हायेत मालूम हाय का? म्हनलं, मालूम हाय. बसतो ना इथंच."

साडेपाच वाजता कचेरी बंद झाली तेव्हा तो बाराव्या पानावर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.